गुरुवारची अकरा मिनिटं

घड्याळजी आयुष्यात एकदाच चोरी करताना पकडला गेला, आणि तेव्हा त्याच्या दोन्ही खिशांतून लाल फिती लोंबत होत्या. एका फांदीची गाठ सोडण्यासाठी तो चवड्यांवर उभा होता. सकाळचे सात वाजून गेले होते, धुकं अजून झाडांतून निघालं नव्हतं, आणि मागून आवाज आला.

"एकेचाळिसावी."

तो गर्रकन वळला. भरावावर एक तरुणी उभी होती. खांद्यावर तीन पायांचं यंत्र, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि केसांत एक वाळलेलं पान… त्या पानाचा तिला पत्ताच नव्हता. राग मात्र पुरेपूर होता.

"तीन दिवस मी फिती बांधतेय, आणि तीन दिवस त्या गायब होतायत. मला वाटलं बकऱ्या खातात."

"बकऱ्या गाठी सोडत नाहीत," तो म्हणाला. घाबरला की खरं बोलायची त्याला खोड होती.

"म्हणजे कबूल आहे तर!"

"मला वाटलं झाडं तोडायच्या खुणा आहेत. गेल्या वर्षी पलीकडच्या उतारावर अशाच फिती आल्या, आणि आठवड्याभरात करवती आल्या."

"मी झाडं तोडत नाही हो. मी मोजणी खात्याची आहे. रस्ता शोधतेय, जुना मोटाररस्ता."

"मग सापडला की," तो म्हणाला. "तुम्ही त्याच्यावरच उभ्या आहात."

तिनं खाली पाहिलं. बुटाच्या टाचेनं पालापाचोळा बाजूला केला, तर खाली काळपट खडीचा थर निघाला, काठाला दगडांची सरळ ओळ. तीन दिवस ती या भरावाला बांध समजून त्याच्या कडेकडेनं मोजत होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि ती हसली. घड्याळजीनं त्या क्षणी मनगटावर पाहिलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. सात वाजून बारा मिनिटं झाली होती.

आता हा मोटाररस्ता म्हणजे काय, ते सांगायला हवं. मोटारी नव्यानं आल्या, तेव्हा एका कंपनीनं फक्त मोटारींसाठी हा चौदा मैलांचा रस्ता बांधला होता. शहराच्या वेशीपासून डोंगरावरच्या तलावापर्यंत. बैलगाडी नाही, घोडा नाही, पायी माणूस नाही. दोन टोकांना दोन फाटकं, आणि फाटकावर पैसे भरल्याशिवाय आत पाऊल नाही. पुढे सरकारनं खालून फुकटचा रुंद रस्ता काढला, आणि कंपनीचा रस्ता वर्षभरात ओस पडला. नंतर त्याच्या अंगाखांद्यावर झाडं वाढली. खात्याच्या नकाशात त्याची नुसती ठिपक्यांची एक रेघ उरली होती, आणि नव्या नकाशात ती ठेवायची की पुसायची, हे ठरवायला या बाईंना अठरा दिवस दिले होते.

"दोन्ही फाटकं सापडली तर रेघ राहते," ती म्हणाली. "पहिलं सापडलं. खांब अजून उभे आहेत. आता मला फक्त कुणीतरी वाटाड्या हवाय, ज्याला बांध आणि रस्ता यांतला फरक कळतो."

"माझं दुकान अकराला उघडतं," तो म्हणाला. "त्याआधी मी मोकळा असतो."

"आणि फिती?"

"त्या मी परत बांधीन. सगळ्या."

"एकेचाळीस," तिनं बजावलं.

घड्याळजीला गावात सगळे 'काटा' म्हणत. दुकान अकराला म्हणजे अकरालाच उघडायचं. समोरचा न्हावी तर त्याच्या शटरचा आवाज ऐकूनच आपलं घड्याळ लावायचा. लग्नघरी तो वेळेवर पोचायचा आणि सतरंज्या घालणाऱ्यांना मदत करायचा, कारण दुसरं कुणी आलेलंच नसायचं. वय बत्तीस, दुकानाला लागूनच घर, घरी एक आत्या, भिंतीवर सव्वीस घड्याळं. आत्या म्हणायची, या घरात टिकटिक फार आणि बोलणं कमी. तिच्यापुरतं ते खरं नव्हतं, तिचा तोंडाचा पट्टा चावी न देताही चालायचा.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पावणेसातला मोजणीवाल्या बाईंची खटारा जीप दुकानासमोर उभी राहू लागली. जीप तीच चालवायची, आणि चालवता चालवता बडबडायची. पहिल्या दिवशी ती तीन मिनिटं उशिरा आली.

"पावणेसात म्हणाल्या होतात ना?" त्यानं विचारलं.

"हो. पावणेसातच झालेत."

"पावणेसात होऊन तीन मिनिटं झाली."

"अरे देवा," ती म्हणाली. "तुमचं लग्न झालंय का हो?"

"नाही. का?"

"काही नाही. सहज अंदाज घेतला. मोजणीवाली आहे ना मी."

रस्ता असा तुकड्यातुकड्यानं भेटत गेला. कुठे एकदम शंभर पावलं अखंड, काल बांधल्यासारखा. कुठे मधोमध एवढं मोठं झाड की दोघांच्या हातांचा वेढा पुरेना (त्यांनी घालून पाहिला, मोजणीसाठी, दुसरं काही नाही). एका वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता होता. "गाडी उलटू नये म्हणून," तिनं समजावलं, आणि हात पसरून, तोंडानं मोटारीचा आवाज काढत ती त्या वळणावरून पळत गेली. घड्याळजी बघतच राहिला. मग त्यानं आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून घेतली, आणि तोही पळाला.

मैलाचे दगड तो झुडपांतून हुडकून काढायचा. ती गुडघे टेकून त्यावरचं शेवाळ नखानं खरवडायची, आकडा उघडा पडला की टाळी वाजवायची. सहा. सात. नऊ. आठवा कुणीतरी उचलून नेला होता, तो पुढे एका गोठ्यात पायरी म्हणून सापडला. ती यंत्रातून बघायची आणि वहीत आकडे लिहायची. तो दूर उंच काठी धरून उभा राहायचा, आणि तिचा एक डोळा यंत्राला लागलेला आहे म्हणजे ती आपल्याकडेच बघतेय, या विचारानं त्याची काठी हलायची.

"काठी सरळ धरा ना! तुमच्या हाताला काय झालंय?"

"वारा आहे."

"पानसुद्धा हलत नाहीये," ती ओरडायची.

आठव्या दिवशी पाऊस आला. अकराव्या मैलाजवळ दोघं धावत रस्त्याखालच्या मोरीत शिरली. दगडी कमान इतकी बुटकी की गुडघे पोटाशी घेऊन, खांद्याला खांदा जवळजवळ लावून बसावं लागलं. दोन खांद्यांत चार बोटांचं अंतर राहिलं होतं. ते राहू द्यावं की नाही, हे घड्याळजीला ठरवता येईना.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुम्हाला या रस्त्याचं एवढं वेड कशामुळे?"

बाहेर कमानीवरून पाण्याचा पडदा कोसळत होता. पावसात माणूस जास्त बोलतो, किंवा आवाजात आपलं बोलणं बुडेल असं त्याला वाटतं.

"माझे आजोबा इथे फाटकदार होते. दुसऱ्या फाटकावर, तलावाच्या टोकाला," तो म्हणाला. "कंपनीचा एक नियम होता. चौदा मैल चाळीस मिनिटांच्या आत कापायचे नाहीत. पहिल्या फाटकावर तिकिटावर वेळेचा शिक्का, दुसऱ्या फाटकावर पुन्हा शिक्का. कुणी गाडी दामटत लवकर आलं, तर उरलेली मिनिटं फाटकाजवळच्या दगडी बाकावर बसायचं. मोठा जमीनदार असो नाहीतर साहेब, बसायचं म्हणजे बसायचं."

"किती छान शिक्षा! मग?"

"मग एकदा तपासनीस आला. आजोबांचं घड्याळ अकरा मिनिटं मागे निघालं. म्हणजे लोक वेळेत येत होते आणि तरी त्यांना बसवून ठेवलं जात होतं. तक्रारी होत्याच. त्याच दिवशी नोकरी गेली. साहेब म्हणाला, हे बिघडकं घड्याळही घेऊन जा." त्यानं पुढ्यातल्या पाण्याच्या पडद्यात हात घातला. "आजोबांनी त्याच घड्याळावर दुकान काढलं. लोकांनी काय कमी हिणवलं का? ज्याला वेळ पाळता आली नाही, तो आमची घड्याळं काय दुरुस्त करणार… वडील ते ऐकत मोठे झाले, मी ऐकत मोठा झालो. म्हणून तर मी असा आहे. काटा."

ती हसली नाही. त्याला ते फार बरं वाटलं.

"आणि गंमत म्हणजे ते घड्याळ अजून आमच्या भिंतीवर आहे. मी सात वेळा उघडून पाहिलं. एका दातेरी चाकाला, एका स्प्रिंगला दोष नाही. कधीच नव्हता. मग ते मागे पडलं कसं? आजोबांनी ब्र काढला नाही."

"मग ते दुसरं फाटक कुठे होतं, हे तुम्हाला माहीत असेल!" ती उत्साहानं वळली, आणि चार बोटांचं अंतर दोन बोटांवर आलं. त्याच्या ओठांवर उत्तर आलंच होतं. दहा वर्षांचा असल्यापासून त्याला ते फाटक पाठ होतं. शाळेला सुट्टी लागली की तो तिथेच जाऊन बसायचा. तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "कारण तेवढं सापडलं की माझं काम संपलं. पेटी भरायची. पुढची नेमणूक बंदरावर आहे, दोन वर्षं. इथून एक रात्र आणि एक दिवस गाडीचा प्रवास."

पाऊस पडत होता. घड्याळजीनं तोंड उघडलं.

"नाही," तो म्हणाला. "माहीत… नाही. आजोबा पुन्हा तिकडे कधी गेलेच नाहीत."

आयुष्यात खोटं बोलायची ही त्याची पहिलीच वेळ होती.

नवव्या दिवशी गावातलं मनोऱ्यावरचं घड्याळ अडलं आणि त्याला सकाळभर वर चढून बसावं लागलं. कबुतराचं घरटं दातेरी चाकांत अडकलं होतं. ती एकटीच गेली. दहाव्या दिवशी पुन्हा दोघं निघाली, आणि आता खरी कसरत सुरू झाली. बाराव्या मैलानंतर काटेरी जाळी होती आणि तिथे वाट फुटत होती. उजवीकडे गेलं की पाव तासावर फाटक. डावीकडे गेलं की दगडाची जुनी खाण, आणि पुढे काही नाही.

"कुठून जायचं?" तिनं विचारलं.

"डावीकडून," घड्याळजी म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "बरं," ती म्हणाली. "डावीकडून तर डावीकडून."

अकराव्या दिवशी डावीकडे. बाराव्या दिवशी डावीकडे, पण जरा वरून. त्या खाणीभोवती दोघांनी इतक्या चकरा मारल्या की तिथे नवीनच पायवाट पडली. खाणीत निळं पाणी साचलं होतं, काठावर बसून तिच्या डब्यातली बिस्किटं आणि त्याच्या थर्मासमधला चहा व्हायचा. यंत्र आणणं तिनं बंदच केलं होतं. म्हणाली, एवढ्या झाडीत दिसतंय काय, ओझं कशाला? वहीही फारशी उघडत नव्हती. केसाएवढ्या तारेतला बाक ओळखणारा हा माणूस, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याला एवढंच दिसत होतं की दिवस संपत चाललेत, आणि रोज संध्याकाळी त्याला स्वतःची लाज वाटत होती. तिच्या रेघेचा तो मारेकरी ठरणार होता. फाटक सापडलं नाही, तर खातं रस्ता पुसून टाकणार, आणि त्याच्या आजोबांचा उरलासुरला पत्ताही. सापडलं, तर ती जाणार. सांगितलं तरी मरण, न सांगितलं तरी मरण.

सतराव्या दिवशी संध्याकाळी आत्यानं तिला चहाला बोलावलं. "इतके दिवस तुमची जीप माझ्या दारात हॉर्न वाजवतेय, तोंड तर बघू दे," असा निरोप होता. ती आली, वेळेवर आली. सव्वीस घड्याळांनी एकदम सहाचे ठोके दिले तेव्हा तिनं कान झाकून घेतले, आणि आत्याला ती तिथेच आवडली.

"हेच ते?" मधल्या भिंतीवरच्या मोठ्या, गोल घड्याळासमोर ती उभी राहिली. "आत्या, तुमच्याकडे त्या रस्त्याचा काही कागद आहे का हो? काहीही. उद्या माझा शेवटचा दिवस."

"कागद कसला, आईचा एक डबा आहे बटणांचा. त्यात तिकिटं आहेत बघ जुनी. आई तर दर आठवड्याला जायची ना त्या रस्त्यानं."

"तुमची आई?"

"मग! नर्स होती ती, तलावावरच्या दवाखान्यात धुतलेल्या चादरी पोचवायची. स्वतः गाडी चालवत. बाई गाडी चालवते म्हणून लोक कुंपणावर चढून बघायचे." आत्या डबा घेऊन आली. "त्या फाटकावरच तर आमच्या बाबांची आणि तिची ओळख. बाक आहे ना तिथे, हा काट्या लहानपणी सुट्टी लागली की तिथेच जाऊन–"

घड्याळजीच्या हातातला कप बशीवर आपटला. चहा सांडला. आत्या "अरे अरे" करत फडकं आणायला धावली. मोजणीवाली बाई मात्र खाली मान घालून तिकिटं बघण्यात इतकी गढली होती, की तिनं काही ऐकलंच नसावं. नशीब, तो मनात म्हणाला.

तिकिटं त्रेपन्न होती. पुढच्या बाजूला वार, पहिल्या फाटकाचा शिक्का, दुसऱ्या फाटकाचा शिक्का. ती सवयीनं वजाबाकी करत गेली. "गुरुवार. नऊ पाचला निघाली, नऊ चौतीसला पोचली. एकोणतीस मिनिटं. पुढचा गुरुवार, तीस मिनिटं. पुढचा, एकोणतीस… दर वेळी लवकर. म्हणजे दर गुरुवारी आजी बाकावर."

"गाडी फार दामटायची असेल," तो म्हणाला.

"थांबा." तिनं एक तिकीट उलटं केलं होतं. मागे पेन्सिलीनं, बारीक सुबक अक्षरात लिहिलं होतं: *माझ्या घड्याळात नऊ पंचेचाळीस.* तिनं दुसरं उलटं केलं. तिसरं. उलटलेल्या प्रत्येकावर आजीच्या मनगटावरच्या घड्याळाची वेळ होती, आणि प्रत्येक वेळी फाटकावरच्या शिक्क्यापेक्षा नेमकी अकरा मिनिटं पुढे.

"म्हणजे घड्याळ खरंच मागे होतं," घड्याळजी हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

"सगळ्या दिवशी नाही. हे बघा. एकच तिकीट सोमवारचं आहे. चार दहाला निघाली, चार सदतीसला पोचली. आणि मागे…" तिनं मोठ्यानं वाचलं. "*माझ्याही घड्याळात चार सदतीस. रोगी सोबत. आज थांबवलं नाही.*"

खोलीत सव्वीस घड्याळं चालू होती. एरवी ती त्याला ऐकू येत नसत, आज एकेक आली.

"सोमवारी बरोबर," तो म्हणाला. "आणि गुरुवारी…"

"गुरुवारी कुणीतरी सकाळी काटा मागे घेत होतं," ती म्हणाली. "आणि चादरी गेल्या की पुन्हा पुढे."

सात वेळा त्यानं ते घड्याळ उघडलं होतं. दोष सापडला नाही, कारण दोष घड्याळात नव्हताच. पंचाहत्तर वर्षं ज्या माणसाला सगळ्यांनी वेळ न कळणारा म्हटलं, तो माणूस एका बाईनं अकरा मिनिटं समोर बसावं म्हणून दर गुरुवारी नोकरी पणाला लावत होता. आणि पकडला गेल्यावर तिचं नाव येऊ नये म्हणून जन्मभर गप्प राहिला. आजोबांना एकदा कडकडून मिठी मारावी असं घड्याळजीला वाटलं.

"आणि आजीला माहीत होतं," मोजणीवाली म्हणाली. तिचा आवाजही जरा वेगळाच लागला होता. "पहिल्या गुरुवारपासून. मनगटावर बरोबर घड्याळ बांधून ती मुकाट्यानं बसत होती."

आत्यानं शेवटचं तिकीट चष्म्याजवळ धरलं. मागे वेळ नव्हती, एकच ओळ होती. *अकरा मिनिटं पुरत नाहीत.*

"पुढच्याच महिन्यात लग्न झालं त्यांचं," आत्या म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग भाच्याकडे बघून म्हणाली, "खाण तशी माती म्हणतात. पण या मातीत कुठे काही उगवताना दिसत नाही बाई मला."

अठराव्या दिवशी सकाळी बाराव्या मैलावर जीप थांबली. दोघं जाळीपाशी आली. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता आठवेना.

"डावीकडून?" तिनं विचारलं.

"नाही," घड्याळजी म्हणाला. "उजवीकडून."

तो पुढे, ती मागे. पाव तासानं झाडी सरली आणि दोन दगडी चौथरे दिसले, एका बाजूला गंजलेला खांब, आणि फाटकदाराच्या खोलीच्या उरलेल्या दीड भिंती. समोर एक लांबट दगडी बाक, बसून बसून मधे गुळगुळीत झालेलं. पलीकडे तलावाचं पाणी चमकत होतं. खोलीच्या खिडकीतून बाकाकडे सरळ नजर जात होती, मधे काहीच येत नव्हतं.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "हे फाटक मला माहीत होतं. लहानपणापासून. मोरीत मी खोटं बोललो. तुम्ही म्हणालात की हे सापडलं की तुम्ही जाणार, आणि… मला तुम्ही जायला नको होतात. अजूनही नको आहात. म्हणजे, जायला. मी तुमचे इतके दिवस वाया घालवले. तुमच्या नकाशाची रेघ माझ्यामुळे पुसली गेली असती. माझं तुमच्यावर प्रेम आहे, आणि त्यापायी मी हे असं केलं. आता काय बोलायचं ते बोला."

ती बाकावर बसली. पिशवीतून मोजणीची वही काढली, एक पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"वाचा. तारीख आधी."

तारीख नवव्या दिवसाची होती. खाली तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: *दुसरे फाटक. दोन चौथरे, एक खांब, खोलीच्या भिंती, दगडी बाक. सर्व बिंदू यंत्रात घेतले. मोजणी पूर्ण.*

त्यानं ते दोनदा वाचलं. मग पुढचं पान उलटलं. ते कोरं होतं. त्याच्या पुढचंही.

"नवव्या दिवशी तर मी मनोऱ्यावर होतो…"

"म्हणून तर उजवीकडे वळता आलं मला. तुम्ही असतात तर डावीकडे नेलं असतंत," ती म्हणाली. "अहवाल तर मी अकराव्या दिवशीच पाठवला. रेघ राहिली. ठिपक्यांची नाही, अखंड."

"म्हणजे तुला माहीत होतं?" त्याच्या तोंडून 'तुम्ही' गळून पडलं, आणि ते उचलायला दोघांपैकी कुणी वाकलं नाही. "मी त्या खाणीभोवती तुला फिरवत होतो, आणि तुला सगळं माहीत होतं?"

"तुझे कान लाल होतात खोटं बोलताना. लांबून दिसतात, यंत्र लागत नाही."

"मग तू तेव्हाच निघून जायचीस! इतके दिवस करत काय होतीस?"

तिनं शेजारच्या गुळगुळीत दगडावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

"बाकावर बसले होते," ती म्हणाली.

तो तिच्याशेजारी बसला. या वेळी मधे बोटभरही अंतर राहिलं नाही. तलावावरून वारा येत होता, तिच्या केसांत आजही एक वाळलेलं पान होतं. ते त्यानं काढलं आणि खिशात ठेवलं. अशा चोरीची त्याला आता सवय झाली होती.

"शनिवारी जातेय मी, ते मात्र खरं आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली.

"बंदरावर घड्याळं असतात का?"

"गोदामांत असतात, बोटींवर असतात. खाऱ्या हवेनं सारखी बिघडतात म्हणे. आणि दुरुस्त करणारा एकच म्हातारा आहे, त्याला दिसत नाही."

"तुला कसं कळलं?"

"पत्र टाकून विचारलं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "अकराव्या दिवशी. अहवालाबरोबरच."

घड्याळजीनं मनगटावर पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आत्ता उठलं तर दुकान वेळेवर उघडणार होतं. त्यानं चावी हलकेच बाहेर ओढली, काटा अकरा मिनिटं मागे घेतला, चावी परत दाबली, आणि तिच्या हातात हात घालून निवांत बसून राहिला.

गावात त्या दिवशी न्हाव्यानं शटरचा आवाज ऐकला आणि मुकाट्यानं आपलं घड्याळ मागे घेतलं. आत आत्यानं भिंतीवरच्या त्या गोल घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून अकरा मिनिटं. मग दारात उभ्या असलेल्या त्या दोघांकडे पाहिलं, त्यांच्या बुटांकडे, एकमेकांत अडकलेल्या हातांकडे. चहाचं आधण टाकायला ती आत वळली, आणि जाता जाता म्हणाली,

"आज गुरुवार नाही का रे!"